तू ईराला ‘नाही’ म्हणालास

“मी गेल्यावर सांग,” असं तू वैतागून म्हणालास आणि मटारचं ताट माझ्या पुढ्यातून ओढून घेतलंस. मटार सोलायचा तुला कंटाळा. पण त्या वेळी माझ्याकडे बघायचं नव्हतं म्हणून हाताला काहीतरी काम हवं होतं. मी विचारलं, “जाणार कुठे आहेस?” तू म्हणालास, “बाजारात. कोथिंबीर संपलीय.” दोघंही हसलो. हसून झाल्यावर भांडण होतं तिथेच राहिलं.

आणि मग तू खरोखरच गेलास. रीतसर निरोप नाही, आजारपण नाही. आता मी घरभर फिरते आहे आणि मला ठरवता येत नाही की ते तुझं वाक्य म्हणजे परवानगी होती, की मला गप्प करायची तुझी जुनी रीत. सकाळी तुझे शर्ट काढते, पूर्ण बाहीचे एकीकडे, अर्ध्या बाहीचे एकीकडे. दुपारी ते पुन्हा एकत्र ठेवते. मुग्धा परदेशातून फोनवर म्हणते, “आई, जरा एका जागी बस.” बसते. उठते. गॅस बंद आहे का बघून येते. तुला माहीत आहे, एखादी वस्तू तिच्या जागेवर नसली की मला चैन पडत नाही. तसं झालंय. त्या रविवारी तू नातीला, ईराला, जे सांगितलंस ते जागेवर नाही. म्हणून शेवटी जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसले आहे.

ईरा, नील, तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवील. ईरा, तू स्वतः वाचलंस तरी चालेल, हळूहळू, अक्षरांवर बोट ठेवून. हे सगळं मी आजोबांशीच बोलते आहे, पण दार उघडं ठेवून. त्यांना मी ‘तू’ म्हणते याचं नवल वाटू देऊ नका. चारचौघांत ‘अहो’ आणि दोघंच असलो की ‘तू’, असं आमचं पहिल्यापासून होतं. ते ‘तू’ लग्नाच्या आधीचं आहे. ते कुठून आलं तेच तर सांगायचं आहे.

तर तो रविवार. ईराचा चेहरा फोनच्या पडद्यावर, डोक्यावर लोकरीची टोपी, छातीवर तिच्या उमेदवाराच्या नावाचा बिल्ला. तिकडे अध्यक्षाची निवडणूक आणि ही कॉलेज सांभाळून थंडीत दारोदार फिरते. तू तिला खोदून खोदून विचारत होतास. लोक दार उघडतात का? आत बोलावतात का? एका बाईंनी अंगावर कुत्रा सोडला म्हणाली, तेव्हा तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. “मग? मतदार कोण, बाई की कुत्रा?” आणि मग तिने सहज विचारलं, “आजोबा, तुम्ही माझ्या एजचे होता तेव्हा असं कधी केलं होतं?”

“नाही गं बाई,” तू म्हणालास. “आम्ही आपले कारखाना आणि घर.”

किती सहज म्हणालास! मी मागे बसले होते. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

आपल्या वेळची भोपाळची टाउनशिप, कारखान्याची वसाहत, या मुलांना कशी सांगू? सरळ रेषेत आखलेले रस्ते, एकसारखे क्वार्टर, सकाळी भोंगा वाजला की सायकलींचा लोंढा. कोण बंगाली, कोण मलयाळी, कोण आपल्यासारखे महाराष्ट्रातून आलेले. माझे बाबा ड्रॉइंग ऑफिसचे मुख्य, पुण्याचे, शिस्तीचे. तू त्यांच्या हाताखाली नवा ट्रेनी, यवतमाळकडच्या खेड्यातून आलेला, वडील नसलेला. मागे आई आणि दोन धाकट्या बहिणी. नोकरी पक्की व्हायची होती आणि त्या घराचं सगळं त्या पक्क्या होण्यावर टांगलेलं होतं. नकाशांच्या गुंडाळ्या पोचवायला तू आमच्या घरी यायचास. “सर काय करून राहिले?” असं विचारायचास. आई तुझ्या पाठीमागे म्हणायची, “हा मुलगा मराठी बोलतो की हिंदीचं भाषांतर करतो?”

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. दोन वेण्या, चष्मा आणि प्रत्येक गोष्टीवर मत.

शहरात एका सभागृहात मास्तरांचं भाषण होतं, तिथे आपण वेगवेगळे गेलो होतो. राष्ट्रपतिपदासाठी विरोधकांनी उभे केलेले ते उमेदवार. आयुष्यभर डोंगराळ भागात शाळा चालवलेला माणूस. अंगात सुती कोट, आवाज इतका हळू की मागच्यांना पुढे सरकावं लागलं. ते म्हणाले, मी हरणार हे मला ठाऊक आहे, पण या देशात दुसरं कोणी उभंच राहिलं नाही असं व्हायला नको. तू मागून उठलास आणि विचारलंस, “हरणार हे माहीत असताना आम्ही काय करायचं?” सगळे हसले. ते नाही हसले. म्हणाले, “माझ्याबद्दल चार लोकांशी बोला. हरल्यावर आठवायला तरी कोणी असू दे.”

परतीच्या बसमध्ये तू माझ्या पुढच्या बाकावर होतास. मागे वळलास आणि ओळखपाळख नसल्यासारखा म्हणालास, “मी काम करणार. तुम्ही?” मी म्हटलं, “मी पण.” एवढंच. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय मी कंडक्टर सुटे पैसे मागत असताना घेतला.

पुढचे रविवार काय होते रे ते! मी गल्लीवार कार्डं केली. तू म्हणालास, “तुम्ही निवडणूक लढवून राहिल्या की लायब्ररी?” सायकली लावायच्या आणि पहिल्या क्वार्टरपासून सुरुवात. गुप्ता भाभींनी खारी, खुसखुशीत मठरी दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हमारे घर के चार वोट पक्के समझो.” कोपऱ्यावरच्या कुलकर्णी काकूंना मास्तरांत काडीचाही रस नव्हता. “ते राहू दे,” म्हणाल्या, “तुम्ही दोघंच फिरता का? आईला माहीत आहे?” तू एवढा गोरामोरा झालास की पायरीवरच्या कुंडीला अडखळलास. पण मतं मिळत होती. एकही दार नाही म्हणालं नाही. आपण इतके खूश की एका संध्याकाळी तू आमच्याकडे चहाला थांबलास.

बाबांनी वर्तमानपत्रामागून विचारलं, “काय, किती मतं झाली?”

“आपली सगळी लाइन झाली, बाबा. सगळे हो म्हणाले.”

“म्हणणारच. त्यांचं काय जातंय?” पेपर खाली न करताच बाबा म्हणाले. “राष्ट्रपतीला मत आमदार-खासदार देतात. गुप्ता भाभींना मत नाही, मला नाही आणि या चिरंजीवांनाही नाही.”

आठवतं? तू बशीत बघत होतास. आई इतकी हसली की चहा साडीवर सांडला. “इतकी वर्षं इंग्रजी शाळेत घातली हिला! आणि हा इंजिनिअर! आमच्या नगरपालिकेच्या शाळेत नागरिकशास्त्र होतं हो.” लाजून मेल्यासारखं झालं मला. गंमत अशी की टाउनशिपमध्ये एकाही माणसाने आपल्याला हे सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी मनापासून वचन दिलं होतं, नसलेल्या मताचं.

तू मात्र बशीतून मान वर केलीस. “काका,” म्हणालास, “आमदार तर इथेच राहतात ना? भोपाळलाच.”

तेव्हा बाबांनी पेपर खाली केला.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत प्रत्येक आमदाराच्या मताला राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे वजन असतं, हे तू लायब्ररीतून शोधून आणलंस. आमच्या व्हरांड्यात बसून स्लाइड रूलवर हिशेब केलास, दोनदा केलास, आणि तुझा चेहरा उजळला. “म्हणजे गुप्ता भाभींचं मत आहेच,” तू म्हणालास. “फक्त ते आमदाराच्या खिशात आहे. आपण ते मागायला जाऊ.” मी त्या संध्याकाळपासून तुला ‘तू’ म्हणायला लागले. कोणी ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, “तू वेडा आहेस,” आणि ते ‘तू’ राहून गेलं.

बहुतेक आमदार आपल्याला दारातूनच परत पाठवायचे. पण ते एक म्हातारे, लांबच्या जिल्ह्यातले, विश्रामगृहाच्या खोलीत गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलेले. त्यांनी आपल्याला खाटेवर बसवलं.

“कौन सी पार्टी से आए हो?”

“किसी से नहीं,” तू म्हणालास.

“तो भेजा किसने?”

“किसी ने नहीं, काकाजी.”

“किसी ने नहीं भेजा और आ गए!” त्यांनी पाय बादलीतून बाहेर काढले. “ऐसे लोग पहले आते थे। आज़ादी के पहले।” मग तू बोललास. मास्तरांच्या शाळांबद्दल, त्या मताच्या वजनाबद्दल, एका आमदाराच्या पाठीशी किती माणसं उभी असतात त्याबद्दल. तुझी हिंदी अडखळत नव्हती, हात स्थिर होते. मी शेजारी बसून तुझ्याकडे बघत होते. त्यानंतरच्या सगळ्या आयुष्यात मी तुला तसं बोलताना पुन्हा पाहिलं नाही. ईरा, नील, ते आजोबा तुम्ही पाहिलेले नाहीत. पृथ्वीवर ते पाहिलेली मी एकटीच उरले आहे, म्हणून माझा हा एवढा आटापिटा.

काकाजींनी सगळं ऐकलं आणि खरं सांगितलं. “बेटा, वोट तो जहाँ पार्टी कहेगी वहीं पड़ेगा। झूठ नहीं बोलूँगा। लेकिन चाय पीकर जाओ।”

त्यांनी मत दिलं नाही, पण आपल्यावर त्यांचा जीव बसला, आणि तोच आपल्याला नडला. पुढच्याच आठवड्यात कारखान्यात झाडं लावण्याचा कार्यक्रम होता. पाहुणे म्हणून काकाजी आले आणि हातात फावडं घेऊन मोठ्या साहेबांना कौतुकाने म्हणाले, “आपके यहाँ के बच्चे बड़े होनहार हैं। एक लड़का आया था, साथ में चश्मेवाली एक बिटिया। राष्ट्रपति के लिए प्रचार कर रहे थे!” त्यांना वाटलं आपलं भलं करत आहेत. सरकारी कारखान्यातल्या माणसाने कुणाचा प्रचार करायचा नाही, हा नियम त्यांच्या गावीही नव्हता. तुला माहीत होता. तू मला कधी सांगितला नव्हतास.

दुसऱ्या दिवशी नेमणुका बघणाऱ्या पर्सोनेलच्या साहेबांनी तुला बोलावलं. तुझे मुख्य म्हणून बाबांनाही. तिथे काय झालं ते मला बाबांनीच सांगितलं, पानावर बसल्यावर, भात कालवत.

“त्यांनी विचारलं, तुम वहाँ गए थे? तो म्हणाला, नाही सर.”

“नाही म्हणाला?”

“साहेब म्हणाले, मग विधायकजी खोटं बोलतात काय? तो म्हणाला, कोई और रहा होगा, सर.” बाबांनी वरण मागितलं. “मी पंख्याकडे बघत बसलो होतो.”

“बाबा, पण तो गेला होता! मी…”

“मला माहीत आहे कोण कोण गेलं होतं,” बाबा म्हणाले. “जेव.”

मी जेवले नाही. मी वीस वर्षांची होते आणि माझं काहीही पणाला लागलेलं नव्हतं, त्यामुळे तू काय करायला हवं होतंस ते मला अगदी स्वच्छ दिसत होतं. छाती पुढे काढून ‘हो, गेलो होतो’ म्हणायला हवं होतं. लायब्ररीत तू भेटलास तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, “मास्तरांचं काय?” तू हातातलं मासिक न मिटता म्हणालास, “कोण मास्तर?”

कोण मास्तर! ते शब्द अजून माझ्या अंगावर येतात. ‘आठवायला तरी कोणी असू दे’ म्हणणाऱ्या माणसाला तू दोन शब्दांत संपवलंस.

मास्तर हरले. चांगलेच हरले. रेडिओवर निकाल ऐकला तेव्हा तू पाळीवर होतास. तुझी नोकरी पक्की झाली तेव्हा मी अभिनंदन केलं नाही. किती महिने आपण बोललो नाही! मग टाउनशिपच्या गणपतीत तू आरतीच्या वेळी माझ्या शेजारी येऊन उभा राहिलास आणि टाळ वाजवता वाजवता म्हणालास, “बोलणार नाहीस का?” मी म्हटलं, “कोण तू?” तू म्हणालास, “बरोबर आहे.” तुझ्या त्या ‘बरोबर आहे’वर मी विरघळले, हे तुला मी कधी कळू दिलं नाही. आता कळू दे.

तुझ्या मामांनी मागणी घातली तेव्हा आईचं तोंड वाकडं होतं. विदर्भातला, वडील नाहीत, जबाबदाऱ्या केवढ्या. बाबांकडून तर मला सरळ नकाराची खात्री होती. पण बाबा एका क्षणात हो म्हणाले. “मुलगा विश्वासाचा आहे,” म्हणाले. ज्याला त्यांनी डोळ्यांदेखत खोटं बोलताना ऐकलं त्याला विश्वासाचा म्हणाले. मी तेव्हा ते सोडून दिलं. तू गेल्यापासून त्या एका शब्दाभोवती मी किती चकरा मारल्या आहेत!

भांडण आपलं तिथून सुरू झालं आणि पुढे कधी संपलंच नाही. दर निवडणुकीला उगवायचं, पेपरात काही आलं की उगवायचं, कधी काहीच कारण नसताना पोह्यांच्या बशीवर उगवायचं.

“तुला कोणी फासावर नेत नव्हतं,” मी म्हणायची.

“फासावर नेत असते तर हो म्हणालो असतो,” तू म्हणायचास. “नोकरीवरून काढत होते.”

एकदाच मी वेगळं विचारलं होतं. शहरातच, बाग सेवनियाला घर बांधून आपण राहायला आलो ती पहिली संध्याकाळ, खोक्यांवर बसून चहा पीत होतो. मी म्हटलं, “खरं सांग. तू नोकरीसाठी नाही म्हणालास, की माझ्यासाठी?” तू बराच वेळ नव्या भिंतीकडे बघत राहिलास. म्हणालास, “या भिंतीला पाणी कमी मारलंय. भेगा पडतील.” बस. तेवढंच उत्तर मिळालं. आणि भेगा पडल्याही, मेल्या!

पण माझा खरा राग त्या एका ‘नाही’चा नव्हताच, हे आता लिहिताना दिसतंय. ते ‘नाही’ तिथे थांबलं नाही याचा होता. ते तुझ्याबरोबर घरी आलं, राहिलं, म्हातारं झालं. मुग्धाला कॉलेजच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. तू म्हणालास, शिकायला गेलीस ना? सोसायटीचे लोक दोनदा घरी आले, भाऊ तुम्हीच अध्यक्ष व्हा, तुमच्याविरुद्ध कोणी उभंसुद्धा राहणार नाही. तू त्यांना चहा पाजलास, पाण्याच्या टाकीचा सगळा आराखडा फुकट काढून दिलास आणि नाही म्हणालास. घराला कधी झेंडा नाही, दारावर चिकटवलेला कागद नाही, गप्पांत कधी एक बाजू नाही. अरेरा कॉलनीत माझ्या भावाकडे जेवताना राजकारणावरून सगळे एकमेकांच्या अंगावर धावायचे आणि तू भाच्यांना पेन्सिलीला टोक काढून द्यायचास. मी समोरून बघायची आणि मनात म्हणायची, अरे, तू त्या खाटेवर बसून कसा बोलत होतास!

आणि तरी मतदानाला तुझ्याइतका नटून कोणी जायचं नाही. दाढी, इस्त्रीचा शर्ट, नवा रुमाल. रांगेत पहिला. “कोणाला दिलंस?” म्हटलं की, “गुप्त म्हणजे गुप्त.” इतक्या वर्षांत मला कळलं नाही. शेजारच्या बाईंना वाटायचं तू त्यांच्या पक्षाचा, समोरच्यांना वाटायचं त्यांच्या. मला वाटायचं, आत पडद्यामागे तेवढा एक मिनिट तू पुन्हा तो मुलगा होत असशील.

हे सगळं रागाचं झालं. दुसरंही आहे आणि ते तितकंच आहे. तुझ्या दोन्ही बहिणींची शिक्षणं झाली, लग्नं झाली, सासूबाईंनी शेवटची वर्षं तुझ्या घरात सुखाने काढली. त्यातलं काहीही त्या ‘नाही’शिवाय झालं नसतं, हे मी जमाखर्च न मांडताही जाणते. मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा सकाळचा डबा तू भरायचास. माझं बी.एड. तू रांधून पूर्ण केलंस, असं मी सगळ्यांना सांगायची आणि तू म्हणायचास, “हिचं इंग्रजी, माझी भाजी.” माझ्यावर कधी आवाज चढवला नाहीस. आणि त्या दिवसानंतर, माझ्या माहितीत, तू कुणाशी खोटं बोलला नाहीस. अगदी दूधवाल्याशीसुद्धा.

म्हणून तर ईराला तू ‘नाही’ म्हणालास ते मला इतकं लागलं. तीच एक जागा, तिथेच पुन्हा. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “पोरीला खोटं का सांगितलंस?”

“तिला काय करायचंय जुनं?”

“तिला करायचंय. तिने विचारलं.”

“हो म्हटलं असतं तर पुढचं विचारलं असतं,” तू म्हणालास. “मग काय झालं, मग तुम्ही काय केलं. पोर कौतुकाने बघून राहिली होती माझ्याकडे. तिला काय सांगू, तुझा आजोबा पहिल्या धमकीला गप्प बसला म्हणून?”

“मग मी सांगते.”

“मी गेल्यावर सांग.”

तर तू गेलास.

आज सकाळी ईराचा फोन आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ. डोळे सुजलेले. म्हणाली, “आजी, मी दोन आठवडे दारं वाजवायला गेलेच नाही. आजोबा दर वेळी विचारायचे ना, आज कोण भेटलं म्हणून. आता कुणाला सांगू?” आणि मी ठरवण्याआधीच माझं तोंड उघडलं. मी सांगितलं. मास्तर, कुलकर्णी काकू, मठरी, नसलेली मतं. ती हसली, खूप हसली, नाक पुसत हसली. “वेट, तुम्ही सगळी कॉलनी फिरलात आणि कुणाला व्होटच नव्हतं?” मग बादलीत पाय सोडलेले काकाजी सांगितले, तुझे स्थिर हात सांगितले. ती पुढे सरकून ऐकत होती. मग पर्सोनेलच्या साहेबांची खोली सांगितली.

ती मागे टेकून बसली.

“म्हणजे आजोबा त्यांना खोटं बोलले.”

“हो.”

“आणि मलापण.”

“हो.”

“त्यांनी हो म्हणायला पाहिजे होतं, आजी,” ईरा म्हणाली. “मी हो म्हटलं असतं.”

तेच वाक्य. माझं. संसारभर तुला ऐकवलेलं, अगदी त्याच सुरात, त्याच हनुवटीने. मला वाटायला हवं होतं, झालं, माझ्या बाजूने कोणीतरी बोललं. आणि मी काय केलं सांगू? मी खुर्चीवरून उठले.

“तू म्हटलं असतंस,” मी म्हणाले. “तुझ्या मागे घर नाही उपाशी राहणारं. तुला माहीत आहे का त्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं होतं? माझे बाबा बसले होते. ‘हो’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न काय होता? ‘वह लड़की कौन थी?’ दुसरा कुठलाच नव्हता. तो प्रश्न बाबांच्या समोर यायला नको, म्हणून पहिल्याच प्रश्नाला त्याने दार लावून घेतलं. भेकड माणूस स्वतःला वाचवून मोकळा होतो. याने ते दार जन्मभर धरून ठेवलं, स्वतःला कधी बाहेर येऊ दिलं नाही, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. आणि तू इथे टोपी घालून मला सांगतेस हो म्हणायला पाहिजे होतं?”

“आजी,” ईरा हळूच म्हणाली, “तू माझ्यावर ओरडतेयस.”

“ओरडतेच आहे!”

हे मला कोणी सांगितलं? तू नाही. बाबांनी नाही. खरं आहे की नाही तेही मला माहीत नाही. तू भिंतीकडे बघत बसलास आणि बाबा पंख्याकडे. मी मात्र समोर बसून पाहिल्यासारखी बोलले, आणि बोलताना एकदाही अडखळले नाही.

ईराने डोळे पुसले. मग म्हणाली, “ओके, पण तरी मला वाटतं त्यांनी हो म्हणायला हवं होतं.” रडत होती, पण मागे हटत नव्हती. मी म्हटलं, “वाटू दे. पुढच्या रविवारी पुन्हा भांडू. त्याआधी जा आणि दारं वाजव, आणि कोण भेटलं ते मला सांग.”

आता तिकडे ती उभी आहे. इतकी वर्षं जिथून मी तुझ्याशी भांडले, नेमकी त्याच जागेवर. मला तिथे जागा उरली नाही. म्हणून मी तुझ्या बाजूला आले आहे.